तेलाचा हात

चेनला मेण चढवायला सायकल आली की मी तिची दोन्ही चाकं आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधतो. चाकाच्या मधोमध डिस्क ब्रेकची पोलादी चकती असते, ती पुरती झाकली गेली की मगच चेनला हात लावतो. गिऱ्हाइकं हसतात. "काका, सायकल माहेरी पाठवताय का? एवढी बांधाबांध कशाला?" म्हणतात. मी आजवर "धूळ बसू नये म्हणून" असं सांगत आलो. ते खरं नाही. खरं काय ते मी फक्त एका बाईंना सांगितलंय. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव मागितले तेव्हाही मी आधी दुसरंच काहीतरी गोडगोड लिहून काढलं होतं. ते फाडून टाकलं आणि हे लिहायला बसलो.

माझं दुकान छावणीच्या बाजारात आहे. धंदा शिकलो तो रशीद उस्तादांकडे. तेव्हा दुरुस्तीला यायच्या त्या दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या, पलटणीतल्या लोकांच्या काळ्या दणकट सायकली. उस्तादांचा एक नियम होता. कितीही घाई असो, गाडी दुकानाबाहेर काढायच्या आधी ते म्हणायचे, "सूखी नक्को भेज रे. आखिर में तेल का हात मार." म्हणजे मशीनच्या तेलात भिजवलेलं फडकं घ्यायचं आणि जिथं जिथं लोखंड चमकतं तिथं ते फिरवायचं. हँडल, तारा, हब, पायडलचे दांडे. रबरी ब्रेक रिमवर जिथं घासतात तेवढी पट्टी मात्र सोडायची. तिथं तेल लागू दिलं तर उस्ताद टपली मारायचे. गिऱ्हाईक चकचकीत गाडी बघून खूश व्हायचं, गंज यायचा नाही आणि आपलं काम संपलं असं आपल्यालाही वाटायचं. चाळीस वर्षं मी हा तेलाचा हात मारत आलो. काम संपलं की माझा हात माझ्या आधी त्या फडक्याकडे जायचा.

मग शहरात हलक्या, महागड्या सायकली आल्या. पहाटे हेल्मेट घालून निघणारे डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्यातले साहेब. यांच्यातल्याच कुणीतरी मला चेनच्या मेणाचं सांगितलं आणि मी चक्क हसलो होतो. चेनला तेल घालतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्यात तथ्य निघालं. तेल धूळ धरतं. आपल्याकडची धूळ आणि तेल मिळून काजळासारखा काळा चिखल होतो आणि तोच चेनला आतून खात राहतो. मेण सुकं असतं, त्याला धूळ चिकटत नाही. चेन गुपचूप पळते, हाताला काळंही लागत नाही.

फक्त मेणाची एक अट असते, आणि ती फार कडक. चेनच्या कडीकडीच्या आतही तेलाचा अंश उरता कामा नये. उरला तर मेण लोखंडाला धरतच नाही. माझी पहिली चेन मी आपल्या सवयीनं रॉकेलमध्ये धुतली, मेणात बुडवली आणि ऐटीत देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत. मेणाचे पापुद्रे निघाले होते आणि चेन चिमणीसारखी चिवचिवत होती. रॉकेलनं मळ जातो, पण मागं त्याचा स्वतःचा तेलकटपणा राहतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आता मी चेन बरणीत घालून पेट्रोलमध्ये हलवतो. पेट्रोल काळं झालं की बदलतो. ते स्वच्छ राहीपर्यंत, तीनदा, कधी चारदा. मग स्पिरिटमध्ये. मग ती उन्हात नाही, सावलीत वाळवतो. वाळलेली चेन हातात धरून हलवली की नाण्यांसारखी खणखण वाजते. तो आवाज आला नाही तर परत बरणीत. मागच्या दातेरी चकत्या काढून एकेका फटीत कापडाची पट्टी ओढतो. चेन ज्यांच्यावरून फिरते ती छोटी चाकंही खोलतो, कारण तिथं राहिलेलं थेंबभर तेल दोन दिवसांत सगळीकडे पसरतं. मेण थेट जाळावर ठेवायचं नाही, पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवायचं. चेन त्यात सोडली की बुडबुडे येतात. ते थांबले की मेण आतपर्यंत पोचलं. बाहेर काढून गार केली की चेन काठीसारखी ताठ होते आणि एकेक कडी बोटांनी मोडून मोकळी करावी लागते. अर्धा दिवस जातो.

या कामात मला नमुनेही भेटले. देवगाव रंगारीचे एक शेतकरी मुलाची सायकल घेऊन आले होते. पातेल्यात डोकावून म्हणाले, "मेण म्हंजे मेणबत्तीचं व्हय? मग पोरगं जोरात पळवंल तवा पेटायची नाय ना?" मी नाय म्हटलं तरी ते चेनला हात लावून बघत बसले. पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदारसाहेब घरच्या मेणबत्त्या घेऊन आले, गुलाबाच्या वासाच्या. मी नको नको म्हणत असताना हुकूम सोडला. पुढं महिनाभर ते गेले की रस्त्यावर अत्तराचा फाया फिरल्यासारखा वास यायचा.

माधवी मॅडम या सगळ्यांत वेगळ्या. पस्तिशीच्या, शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासून पास-नापास करायचं काम. त्यांची नजरही तशीच. त्या उगाच घाई करायच्या नाहीत, समोर स्टुलावर बसून मी काय करतो ते बघत राहायच्या आणि मधेच विचारायच्या, "काका, हे का?" असं विचारणारं गिऱ्हाईक मला आवडतं. दोन वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला सायकलीला हात लावू दिला नव्हता. लहानपणी एकदा घाटात पडल्यापासून त्यांना उताराची भीती होती. ती त्यांनी हळूहळू, दर रविवारी दौलताबादचा घाट उतरून घालवली होती. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, जरा लाजत.

त्या शनिवारी मी त्यांची चेन धुतली. चार वेळा पेट्रोल बदललं. मॅडम समोरच होत्या, चेन वाजवून दाखवली तशा हसल्या. मेण चढवलं, चेन बसवली, पायडल फिरवलं. आवाज म्हणून नाही. इतकं साफ काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. मॅडम फोनवर बोलत बाहेर गेल्या, मी एकटाच सायकलीकडे बघत उभा होतो. मन भरलं होतं. त्या आत आल्या तेव्हा मी हात पुसत होतो.

रविवारी दुकान बंद असतं. मी सकाळी फक्त फडकी धुवायला जातो. साडेसातच्या सुमाराला शटर अर्धं उघडलं, खुंटीवरची फडकी ओढली. तेलाचं फडकं हातात आलं आणि त्याच्यावर मला एक नक्षी दिसली. करड्या रंगाची, गोल गोल ठिपक्यांची, कमानीसारखी वळलेली. दुमडलेल्या बाजूलाही तशीच. मला आधी कळेना हे काय उमटलंय. सायकलीवर असे ठिपके कुठं असतात? मग कळलं. डिस्कच्या चकतीला भोकं असतात.

आठवून बघितलं तर काहीच आठवेना, हात आपला आपण फिरला होता. अख्ख्या सायकलीत सगळ्यात चकचकीत लोखंड कुठलं असेल तर ती चकती. उस्तादांच्या काळात ती नव्हती, म्हणून ती सोडायची हे माझ्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. दिवसभर तेलाचा थेंब न् थेंब हुडकून काढला आणि शेवटी दोन्ही ब्रेकना मी माझ्या हातानं तेल फासलं. चकतीला तेल लागलं की ते ब्रेकच्या पॅडमध्ये मुरतं. सपाट रस्त्यावर सायकल कुरकुरत का होईना थांबते. घाटात थांबत नाही.

मॅडम सहाला निघणार होत्या. खुलताबादपर्यंत चढायचं, तिथं चहा घ्यायचा आणि आठच्या आसपास घाट उतरायचा, हा त्यांचा ठरलेला क्रम. मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. सायकल चालवताना फोन त्यांच्या पाठीच्या खिशात असायचा, आवाज बंद करून. शटर तसंच अर्धं टाकून मी स्कूटर काढली.

पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. समोरून सायकलवाले येत होते, प्रत्येकाच्या हेल्मेटकडे मी बघत होतो. मॅडमचं पांढरं होतं. एकाला हात करून थांबवलं, विचारलं. तो म्हणाला, "मॅडम वर चहाला होत्या, निघतीलच आता." शरणापूर फाट्यावर परत फोन लावला. किल्ल्याजवळ पोचलो तेव्हा आठला पाच कमी होते.

घाटाच्या तोंडाशी रस्ता किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी मावते. त्या दिवशी वरून आलेली सहलीची बस दरवाजात शिरली होती आणि अलीकडे लेणी बघायला निघालेल्या जीपा तिच्यासमोर तोंड करून उभ्या होत्या. कुणी मागं हटायला तयार नाही. मी स्कूटर रस्त्यातच सोडली. मागून कुणीतरी ओरडला, "ओ चच्चा, गाडी किधर छोडके जारै?" दगडी भिंत आणि बस यांच्यातल्या फटीतून मी पोट आत घेऊन सरकलो. एकसष्टाव्या वर्षी मी त्या फटीत अडकून मेलो असतो तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पलीकडे बसच्या मागं दुधाचा टेम्पो उभा होता आणि त्याच्यापुढं रस्ता सरळ वर वळणापर्यंत मोकळा. मी टेम्पोला वळसा घालून पुढं धावलो, तेवढ्यात वळणावर पांढरं हेल्मेट दिसलं.

मी दोन्ही हात वर करून ओरडत सुटलो. "मॅडम! ब्रेक नाय! ब्रेक नाय!" त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे. पण मी बघितलं, अगदी स्पष्ट बघितलं. वळण सुटताक्षणी त्यांची बोटं दोन्ही ब्रेकवर होती. चकत्यांचा किंचाळल्यासारखा आवाज आला. सायकलीचा वेग कमी झाला नाही. त्यांनी बोटं सोडली, परत आवळली. तोंड उघडं, नजर टेम्पोवर. टेम्पो पन्नास पावलांवर असेल, तेव्हा त्यांनी सायकल डावीकडे घातली, रस्ता सोडून सीताफळीच्या झुडपांत. एक दगड लागला. सायकल एकीकडे आणि त्या एकीकडे पडल्या.

मी पोचलो तेव्हा त्या उठून बसायचा प्रयत्न करत होत्या. डावा खांदा खाली लोंबत होता. तोंडावर ओरखडे. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "काका, उशीर केला हो मी. ब्रेक दाबायला उशीर केला."

त्या वेळी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात टेम्पोवाला येऊन म्हणाला, "खडी हाय ना ताई हितं. रोज कोण ना कोण पडतंय." बसमधले लोक जमले, सगळ्यांनी खडीकडे बघून माना हलवल्या. आणि मी तोंड मिटलं.

कुणीतरी आपली जीप दिली. मॅडमना उचलून बसवताना त्यांनी विचारलं, "पण काका, तुम्ही इथं कसे?"

"खुलताबादला, भद्रा मारुतीच्या दर्शनाला चाललो होतो," मी म्हणालो.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. सायकल मी दुकानात आणली आणि सोमवारी पहिलं काम काय केलं असेल, तर चकत्या स्पिरिटनं पुसल्या, तेल प्यालेले पॅड काढून फेकले, नवीन घातले. सायकल निर्दोष करून ठेवली. इतकी काळजी मी पडलेल्या बाईंचीही घेतली नव्हती. पुढच्या आठवड्यात सायकलवाल्यांनी त्यांच्या बैठकीत मला बोलावलं आणि संकटात धावून आलो म्हणून शाल घातली. मी ती घेतली. फोटोलाही उभा राहिलो.

आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज खाली जायला लागला. बायकोला वाटलं घसा बसलाय, तिनं हळद-दूध सुरू केलं. मी तेही पीत राहिलो. मॅडमचे मिस्टर मधून मधून दुकानावरून जाताना सांगायचे, हाड जुळतंय, व्यायाम सुरू झाला. मी म्हणायचो, छान, छान. मनात म्हणायचो, बरी होऊन परत सायकल चालवायला लागली की मिटलं. झाकली मूठ तशीच राहील.

दोन महिन्यांनी मॅडम आल्या. हात गळ्यातून निघाला होता. नेहमीच्या स्टुलावर बसल्या, पण पिशवी मांडीवरच धरून, लगेच उठायचं असल्यासारख्या.

"काका, सायकल विकून टाका. तुमच्याकडं येतात ना लोक विचारायला."

"का हो मॅडम?"

"नाही जमायचं मला. लहानपणी पडले तेव्हा आई म्हणायची, तुझा हात ऐनवेळी गारठतो. खरं होतं तिचं. मला वाटलं होतं गेलं ते. नाही गेलं." त्या स्वतःच्या उजव्या हाताची बोटं बघत होत्या. "रोज तोच उतार दिसतो. मी दाबतेय आणि उशीर झालाय. परवा मुलाला गाडीवर मागं घेतलं आणि कोपऱ्यावरून परत आले. ब्रेकवर भरवसाच वाटेना. म्हणजे माझ्यावर."

मी चार महिने गप्प बसलो असतो, वर्षभरही बसलो असतो. माझी लायकी मला माहीत आहे. पण ती बाई माझं पाप स्वतःच्या हाताला चिकटवून बसली होती आणि ते मला समोर बसून बघवेना. मी उठून शटर खाली ओढायला लागलो, मग लक्षात आलं की आपण अजूनही झाकायलाच बघतोय. शटर राहू दिलं.

"मॅडम, तुमचा हात गारठला नाय," मी म्हणालो. "ब्रेकला मी तेल लावलं होतं."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. फडकं, ठिपके, स्कूटर, सोमवारी बदललेले पॅड. उस्तादांचं नाव घेणार होतो, घेतलं नाही. त्यांनी शिकवलं ते त्यांच्या सायकलींसाठी बरोबर होतं.

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आहे. तुम्ही भद्रा मारुतीला कसे निघालात, हे मला हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या खटकत होतं. वाटलं, असाल कुणाबरोबर." थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही मला उतरताना बघितलंत?"

"बघितलं."

"मी ब्रेक कधी दाबला?"

"वळण सुटलं तवाच. टेम्पो तुम्हाला दिसायच्या आधी तुमची बोटं ब्रेकवर होती. दोनदा दाबला. नाय लागला म्हणून झाडात घातली सायकल. टेम्पोवर गेला असता तर…"

"म्हणजे मी वेळेवर दाबला होता?"

"लई आधी दाबला होता, मॅडम."

त्यांनी चेहरा दोन्ही हातांत झाकला आणि त्या रडल्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. डोळे पुसून म्हणाल्या, "दोन महिने, काका. दोन महिने मी स्वतःला काय काय म्हटलंय, तुम्हाला कल्पना आहे?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "चुकलं." याच्यापेक्षा मोठा शब्द माझ्याकडे नव्हता.

त्या उठल्या. "सायकल काढा."

मी काढली. त्यांनी कोरं फडकं मागितलं. मी नवीन फाडून दिलं, ते त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला. मग स्पिरिटची बाटली उचलली आणि जमिनीवर बसून दोन्ही चकत्या स्वतः पुसल्या, भोक न् भोक. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "नको." चाक उचलून गरकन फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. परत फिरवलं, परत दाबला. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही, पण हळूहळू त्यांचा चेहरा सैल होत गेला आणि एकदा तर त्या हसल्या. माझ्याकडे बघून नाही, त्या थांबलेल्या चाकाकडे बघून.

सायकलीबरोबर आणलेलं हेल्मेट फळीवर होतं, ते घालून त्यांनी सायकल पायरीवरून खाली उतरवली. माझ्या दुकानातून निघताना त्या "येते, काका" म्हणायच्या, दोन वर्षांत कधी चुकलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो. त्यांनी पायडलवर पाय ठेवला, मागं न बघता म्हणाल्या,

"जाते."